‘पैसे पाठवलेत’ म्हणतात, पण खात्यात दिसत नाहीत: जुनं सामान विकताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

तुम्ही जुनं लोखंडी कपाट विकायला काढलंय. किंवा शिलाई मशीन, मुलाची सायकल, वापरलेला मोबाईल. गिऱ्हाईक घरी येतं, वस्तू बघतं, घासाघीस होऊन भाव ठरतो. तो यूपीआयने पैसे पाठवतो, हिरवी खूण असलेला पडदा तुमच्यासमोर धरतो आणि म्हणतो, “काकू, गेले बघा.” खाली टेम्पो उभा असतो, हमाल जिन्यात पोचलेले असतात. तुमच्या फोनवर मात्र काहीच आलेलं नसतं. आता माल द्यायचा की थांबवायचा?

लालबाग-परळ भागात जुन्या घरगुती सामानाची घेण्या-विकण्याची कामं मी करतो. लोक मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात ते हेच. हल्ली हे प्रमाण आणखी वाढलंय, कारण जागोजागी चाळी पुनर्विकासाला गेल्यात. संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत जाण्याआधी माणसं निम्मं घर विकायला काढतात. सागवानी पलंग, पितळेची पिंपं, आईचं मशीन. ही विकणारी माणसं व्यापारी नसतात. आयुष्यात एकदाच असा सौदा करतात आणि तो फसला तर पुढच्या वेळी शहाणं व्हायला दुसरा पलंग नसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे समजून घ्या

गिऱ्हाइकाच्या फोनचा पडदा म्हणजे पैसे आल्याचा पुरावा नाही. तो खरा असला तरी नाही.

यूपीआयमध्ये पैसे दोन टप्प्यांत हलतात. आधी त्याच्या बँकेतून रक्कम वजा होते, मग एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, यंत्रणेमार्फत तुमच्या बँकेत जमा होते. त्याचं अ‍ॅप सांगतं ते त्याच्या बाजूचं. तुमच्याकडे जमा झाले की नाहीत याचं खात्रीचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं, तुमच्या बँक खात्याच्या शिलकीत. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: माल हलायच्या आधी, तुमच्याच फोनवर, तुमच्याच खात्याची शिल्लक.

रोखीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. बोहारीण यायची तेव्हा जुन्या साड्यांवर पातेलं मिळायचं. चोर बाजारात, किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत नोटा मोजून हातात पडायच्या. यूपीआय २०१६ साली आलं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आणि आता रद्दीवालाही वजन झालं की फोन काढतो. हे चांगलंच झालं. सुट्ट्याची कटकट गेली, रात्री घरात रोकड ठेवायची भीती गेली. पण नोट हातात आली म्हणजे व्यवहार संपला, ही जी आपली सवय आहे ती आपण पडद्यालाही लावतो आणि तिथेच घात होतो.

शिल्लक कुठे बघायची

बरेच जण यूपीआय अ‍ॅपची जुन्या व्यवहारांची यादी उघडतात, तिथे नोंद नाही म्हणून घाबरतात. समजा तुमच्या फोनवर दोन अ‍ॅप आहेत आणि दोन्हींना एकच बँक खातं जोडलेलं आहे. गिऱ्हाइकाने एका अ‍ॅपच्या आयडीवर पैसे पाठवले, तर दुसऱ्या अ‍ॅपच्या यादीत ते दिसतीलच असं नाही. पैसे खात्यात व्यवस्थित जमा झालेले असतात, तुम्ही चुकीच्या वहीत शोधत असता.

म्हणून अ‍ॅपमध्ये ‘बॅलन्स’ तपासा, किंवा बँकेचं स्वतःचं अ‍ॅप उघडून शेवटच्या नोंदी बघा. गिऱ्हाईक यायच्या आधीच एकदा शिल्लक बघून कागदावर लिहून ठेवा, म्हणजे नंतर नुसती वजाबाकी करायची. ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येते. घरगुती विक्रीला ती मर्यादा भरपूर आहे. बऱ्याच बँकांची मिस्ड कॉलवर शिल्लक कळवायची सोयही आहे. तो नंबर पासबुकावरून किंवा बँकेच्या शाखेतून घ्या, इंटरनेटवर शोधून घेऊ नका, कारण तिथे बनावट ‘कस्टमर केअर’ नंबर पेरलेले असतात.

एसएमएसवर विसंबू नका. काही बँकांनी लहान रकमांचे संदेश पाठवणं बंद केलंय, त्यामुळे दोन-चारशे रुपयांची मिक्सरची भांडी विकलीत तर पैसे येऊनही संदेश येणार नाही. उलट, पैसे न येताही संदेश येऊ शकतो. त्याबद्दल खाली लिहितो.

शिल्लक बघताना पिन टाकावा लागतो, आणि लोक तिथे गोंधळतात. पिन दोनच कामांसाठी लागतो: तुमच्या खात्यातून पैसे बाहेर पाठवायला आणि तुमची शिल्लक बघायला. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. शिल्लक बघायला स्वतः अ‍ॅप उघडा. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या दुव्यावरून किंवा त्याच्या सांगण्यावरून उघडलेल्या कुठल्याही पानावर पिन टाकू नका.

पैसे आलेत, पण दुसऱ्याच खात्यात

प्रामाणिक व्यवहारांत सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण हे. आपला मोबाईल नंबर एकच असतो, पण त्याला जोडलेली खाती दोन-तीन. जुन्या नोकरीचं पगाराचं खातं, सोसायटीशेजारच्या सहकारी बँकेतलं, नवऱ्याबरोबरचं जॉइंट. गिऱ्हाइकाने नंबर टाकून पैसे पाठवले की ते जातात त्या अ‍ॅपमध्ये तुम्ही ‘प्रायमरी’ म्हणून ठेवलेल्या खात्यात, आणि ते खातं कुठलं हे कित्येकांना आठवतही नसतं. परळच्या एका मावशींचा अख्ख्या जेवणाच्या टेबलाचा पैसा गेला होता मुलाने कॉलेजात असताना उघडून दिलेल्या खात्यात, ज्याचं पासबुक त्यांनी वर्षानुवर्षं भरून घेतलं नव्हतं. गिऱ्हाईक बिचारं खरं बोलत होतं आणि दारात उगाच शब्दाला शब्द वाढला.

उपाय सोपा आहे. विक्रीच्या आदल्या दिवशी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रायमरी खातं कुठलं ते बघा. शक्यतो नंबर देऊ नका, तुमच्या अ‍ॅपमधला क्यूआर कोड दाखवा. नंबर सांगताना एक आकडा इकडचा तिकडे होतो, कोडात तसं होत नाही.

नावाचंही बघा. जून २०२५ अखेरपासून पैसे पाठवणाऱ्याला अ‍ॅपमध्ये बँकेच्या दप्तरी असलेलंच नाव दिसायला हवं असा नियम आहे. आपल्याकडे कित्येक बायकांचं खातं अजून माहेरच्या नावावर असतं. गिऱ्हाइकाला दारावरच्या पाटीवर एक आडनाव दिसतं आणि फोनवर दुसरं, आणि सावध गिऱ्हाईक तिथेच थबकतं. त्याचं थबकणं बरोबरच आहे. आधीच सांगून टाका, “खात्यावर हे नाव येईल.”

मोठ्या रकमेच्या आधी एक रुपया पाठवायला सांगा. तो तुमच्या शिलकीत दिसला की रस्ता बरोबर आहे हे कळतं. पण एक रुपया आला म्हणजे माणूसही खरा, असं समजू नका. विश्वास बसावा म्हणून सुरुवातीला खरोखरच पाच-दहा रुपये पाठवणारे ठग आहेत. एक रुपयाची चाचणी रस्त्याची असते, माणसाची नव्हे.

‘पेंडिंग’ दाखवतंय

त्याच्या फोनवर हिरवं नाही, पिवळं दिसतंय. त्याच्या खात्यातून रक्कम वजा झालीय, तुमच्याकडे जमा नाही. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, नेटवर्क नसलेल्या जिन्यात असं होतं, तसंच बँकेचा सर्व्हर दमला असला तरी होतं.

पहिली गोष्ट, त्याला लगेच दुसऱ्यांदा पाठवायला लावू नका. पहिले उशिरा आले तर हिशेबाचा घोळ होतो आणि मग परत करायची कटकट तुमच्या गळ्यात. पंधरा-वीस मिनिटं थांबा. चहा द्या, पण माल देऊ नका.

रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम इथे दोघांच्याही कामाचा आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पाठवलेले पैसे वजा झाले पण जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत गेले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. गिऱ्हाइकाला हे शांतपणे सांगा. “तुमचे पैसे बुडत नाहीत. एकतर उद्यापर्यंत माझ्याकडे येतील, नाहीतर तुमच्याकडे परत जातील. आले की मी फोन करते, कपाट तुमच्यासाठी ठेवलंय.” खरा गिऱ्हाईक कुरकुर करेल, टेम्पोचं भाडं फुकट जाईल म्हणेल, पण ऐकेल. त्याला व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक विचारा आणि लिहून घ्या. तुमची बँक त्यावरून शोध घेऊ शकते. टेम्पो परत पाठवणं अगदीच अवघड असेल तर तेवढ्यापुरती रोख रक्कम घ्या आणि यूपीआयचे आले तर परत करेन असं चिठ्ठीवर लिहून द्या.

कधी पैसे जातच नाहीत, आणि कारण मर्यादेचं असतं. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पाठवायची मर्यादा साधारण दिवसाला १ लाख रुपये आहे, काही बँकांत त्याहून कमी. ज्याने नुकतंच यूपीआय सुरू केलंय त्याला पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. स्कूटर किंवा महागडा कॅमेरा असेल तर आयएमपीएसने (बँकेच्या अ‍ॅपमधून थेट खात्यात लगेच पैसे पाठवायची सोय) पाठवायला सांगा, तिथली मर्यादा ५ लाखांपर्यंत आहे. मात्र नवीन माणूस आधी खात्यात जोडायला त्याच्या बँकेत वेळ लागू शकतो, म्हणून हे आदल्या रात्रीच ठरवून घ्या.

आता फसवणुकीकडे

सगळ्यात साधा प्रकार खोट्या पडद्याचा. नामांकित अ‍ॅपसारखी हुबेहूब दिसणारी बनावट अ‍ॅप मिळतात. त्यांत तुमचं नाव आणि रक्कम टाकली की हिरवी खूण येते, टिंग वाजतं, संदर्भ क्रमांकही छापला जातो. बँकेशी त्याचा काडीचा संबंध नसतो. शिल्लक बघितली की हा प्रकार जागीच उघडा पडतो, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसरा प्रकार जास्त पैशांचा. तुमच्या फोनवर संदेश येतो, ‘रु. २०,००० जमा’. भाव ठरला होता २,००० चा. लगेच फोन येतो, आवाज रडवेला: “दादा, एक शून्य जास्त पडलं, आईच्या औषधाचे पैसे होते, १८,००० परत पाठवा ना.” माणूस मऊ असतो, पाठवतो. जमा मात्र एक पैसाही झालेला नसतो. संदेश त्यानेच लिहिलेला असतो. बँकेचा संदेश अक्षरी नावाने येतो, साध्या दहा आकडी मोबाईल नंबरावरून येत नाही, हे एक ओळखायचं लक्षण. पण लक्षणांच्या मागे लागण्यापेक्षा शिल्लक बघा. आणि खरंच जास्त पैसे आले असतील तर? तरीही सांगितलेल्या नंबरावर स्वतः परत पाठवू नका. “तुमच्या बँकेत तक्रार करा, माझी बँक ज्या खात्यातून आलेत त्याच खात्यात परत करेल,” असं सांगा आणि तुमच्या शाखेला कळवा. दुसऱ्या कुणाला लुबाडलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरवून घेण्याचीही ही एक रीत आहे.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त सतावतो, कारण त्यात चांगुलपणाच वापरला जातो. वस्तूची जाहिरात टाकल्यावर थोड्याच वेळात फोन येतो. बोलणारा सैन्यात किंवा निमलष्करी दलात असल्याचं सांगतो, नुकतीच मुंबईत बदली झालीय, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. वस्तू न बघताच घेतो, घासाघीस नाही. “सामान न्यायला आमची गाडी येईल, पैसे आत्ताच पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा.” कोड स्कॅन केला की रक्कम भरलेलीच असते, खाली पिनची जागा असते. तो म्हणतो, “पिन टाका म्हणजे स्वीकारल्याचं कळेल.” टाकला की पैसे तुमच्या खात्यातून गेले. मग तो म्हणतो चूक झाली, परतीचा दुसरा कोड पाठवतो, आणि घाबरलेला माणूस तोही स्कॅन करतो.

क्यूआर कोड स्कॅन करतो तो देणारा. घेणारा आपला कोड दाखवतो, एवढं लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवून पैसे मागण्याची सोय बंद झालीय, त्यामुळे एक वाट बुजली. पण व्यापारी म्हणून नोंदलेल्या खात्यांकडून मागणी अजून येऊ शकते, आणि कोड व दुवे तर चालूच आहेत. वस्तू न बघता पूर्ण भाव देणारं गिऱ्हाईक मुंबईत मला अजून भेटायचंय. आपल्याकडे माणूस दीडशे रुपयांच्या स्टुलाचेही पाय हलवून बघतो.

पैसे गेलेच असतील तर

लाजू नका आणि रात्र जाऊ देऊ नका. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. लागला नाही तर पुन्हा पुन्हा लावा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. सोबत बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या. पैसे ज्या खात्यात गेले तिथून ते पुढे पाठवले किंवा काढले जाण्याआधी रोखले, तरच हाती लागायची आशा असते. म्हणून तास मोलाचे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. ग्राहकाची चूक नसेल आणि त्याने वेळेत कळवलं असेल, तर झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम आहेत, पण पिन स्वतःच्या हाताने टाकलेला असेल तर ते संरक्षण सहसा मिळत नाही. बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान मात्र बँकेचं. कळवायची घाई करायला हे आणखी एक कारण.

विक्री सुरळीत झाली, महिन्याने खातं गोठलं

हा प्रकार अलीकडचा आहे आणि लोकांना त्याची कल्पनाच नसते. गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे दिले, शिलकीत दिसले, मोबाईल घेऊन गेला. काही आठवड्यांनी तुमचं खातं गोठवलं जातं. कारण त्याने दिलेले पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीतले होते, आणि पोलीस त्या पैशांचा माग काढत तुमच्यापर्यंत आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली, पोलिसांना संशयित मालमत्ता ताब्यात घेता येते, आणि बँक खात्यावर बंदी घालताना बऱ्याचदा याच कलमाचा आधार घेतलेला असतो. तक्रार दुसऱ्या राज्यातली असू शकते.

अशा वेळी आधी बँकेकडून लेखी घ्या: कुठल्या पोलीस ठाण्याची सूचना आहे, तक्रार क्रमांक काय, किती रक्कम अडकवलीय. पूर्ण खातं बंद केलं असेल तर फक्त वादातली रक्कम अडकवून बाकीचं खातं मोकळं करावं असा अर्ज त्या पोलीस ठाण्याला आणि बँकेला करा. त्या अर्जाला जोडायला तुमच्याकडे विक्रीचा कागद हवा.

तो कागद विक्रीच्या वेळीच करायचा. साध्या वहीच्या पानावर वस्तूचं वर्णन, किंमत, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, फोन, १२ आकडी संदर्भ क्रमांक आणि दोघांच्या सह्या. मोबाईल असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांकही (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), तो *#०६# दाबल्यावर दिसतो. सोबत वस्तूचा फोटो आणि भाव ठरवतानाचे संदेश जपून ठेवा. गिऱ्हाईक वेगळं आणि पैसे तिसऱ्याच कुणाच्या खात्यातून, असं दिसलं तर थांबा आणि विचारा. भावाच्या किंवा बायकोच्या खात्यातून देतोय असं असू शकतं, पण मग तेही चिठ्ठीत लिहा. सही द्यायला तयार नसेल, तर महागडी वस्तू त्याला विकू नका.

ज्यांना हे सगळं झेपत नाही

घरात एकटी राहणारी आजी, साधा फोन, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. तिला हे पाठ करायला लावू नका. रोख अजून चालते आणि जुन्या सामानाच्या व्यवहारात ती मागण्यात काही गैर नाही. जाहिरातीतच ‘फक्त रोख’ असं लिहा. गिऱ्हाईक दिवसाउजेडी बोलवा, शेजारच्या घरातलं कुणीतरी सोबत ठेवा आणि वॉचमनला सांगून ठेवा की आजींनी वरून हो म्हटल्याशिवाय सामान गेटबाहेर सोडायचं नाही.

पैसे पुण्यातल्या मुलाच्या खात्यात घ्यायचे असतील तर मुलाने स्वतःची शिल्लक बघून आजीला फोन करायचा. फोन यायला हवा आजीच्या नंबरावर, आणि आवाज मुलाचा हवा. गिऱ्हाइकाने आपल्या फोनवरून नंबर लावून “घ्या, मुलाशी बोला” म्हटलं, तर तो फोन घ्यायचा नाही.